जाड्या आणि झालर यांच्या मधली काच

मित्रांनो, मी एक जुनी मधली काच आहे. निदान सगळे मला तसेच म्हणतात. खरे सांगायचे तर मी काचही नाही. मी अ‍ॅक्रिलिकची पाटी आहे, दोन फूट उंच, पावणेदोन फूट रुंद, आणि माझ्या अंगाला एकशे बारा भोके आहेत. ती मी स्वतः मोजली आहेत. मला मोजायला भरपूर वेळ मिळतो.

दाताच्या दवाखान्यात तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. गाल धरून बसायच्या त्या खोलीत एखादी माशांची टाकी असेल, तर तुमचे लक्ष माशांकडे गेले असेल. टाकीच्या मधोमध उभी असलेली पाटी तुम्हाला दिसली नसेल. याचा मला राग नाही, कारण आरपार दिसणे हेच माझे काम आहे. पण ज्याच्या आरपार दिसते त्याच्याकडे कोणी बघत नाही, ही गोष्ट पचनी पडायला मला बरीच वर्षे लागली.

माझा जन्म पाट्या बनवण्याच्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे काय, तर एक लांबट खोली, एक करवतीचे टेबल आणि सगळीकडे पांढरा भुगा. मालक, कारागीर आणि हमाल अशा तिन्ही कामांना एकच माणूस होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पांच्या मुलीने दातांचा दवाखाना काढला तेव्हा तिच्या नावाची पाटी त्यांनी आपल्या हाताने कापली. त्या पाटीतून उरलेला तुकडा म्हणजे मी. माझी ती बहीण दवाखान्याच्या दारावर चढली. तिच्यामागे दिवे लागले, येणारे-जाणारे तिला वाचू लागले. मी मात्र अंगावरच्या चिकट कागदासकट कपाटाच्या मागे पडून राहिले.

पुढे आप्पांचे गुडघे कुरकुरू लागले. कारखाना बंद झाला. मुलीने त्यांना आपल्याकडे राहायला बोलावले. खाली तिचा दवाखाना होता आणि वर घर. घरात मुलगी, जावई आणि शाळेत जाणारी नात. आप्पा एक बॅग, हत्यारांची पेटी आणि मला काखेत घेऊन आले. मला का आणले ते त्यांनाही सांगता आले नसते. चांगला तुकडा टाकवत नाही, एवढेच ते जावयाला म्हणाले, आणि मी दवाखान्यातल्या कपाटामागे जाऊन पडले.

त्या वेळी दवाखान्यात सात फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी नुकतीच आली होती. मुलांनी खुर्चीत बसण्याआधी रडू नये म्हणून डॉक्टरबाईंनी ती घेतली होती. डॉक्टरबाई म्हणजे आप्पांची मुलगी. सगळे तिला तसेच म्हणत. तीन महिन्यांत टाकीतले रंगीत चिमुकले मासे एकेक करून मेले, कारण त्यांच्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. वेळ फक्त आप्पांकडे होता. त्यांनी टाकीचा ताबा घेतला आणि पहिल्याच दिवशी जाहीर केले की आता चिमुकले मासे नकोत, शिकारी मासे आणायचे. लहान मासे नुसते इकडून तिकडे पळतात, मोठा मासा थांबतो आणि आपण त्याच्याकडे बघितले की तोही आपल्याकडे बघतो, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. शिकारी मासे एकमेकांना खातील, असे त्यांनी सांगून पाहिले. आप्पा म्हणाले की निवडून आणले तर खात नाहीत.

आणि त्यांनी खरोखर निवडून आणले. त्यासाठी ते माशांच्या दुकानात पंधरा फेऱ्या मारून आले. दुकान चालवणाऱ्या बाई सडेतोड होत्या. मासा विकण्यापेक्षा मासा न विकण्यात त्यांचा जास्त वेळ जाई. घरी आल्यावर आप्पा टाकी पुसत पुसत त्यांचे बोलणे स्वतःशीच घोळवत, म्हणून ते मला पाठ आहे. शिकारी मासा चिडका असतो म्हणून दुसऱ्याला खात नाही, तोंडात मावतो म्हणून खातो. तेव्हा आधी जुन्याचे तोंड मोजायचे आणि मग नव्याचे अंग. ट्रिगर मासा देखणा असतो, पण तो लायनफिशच्या झालरी कुरतडून तिला भिकेला लावतो, म्हणून ती जोडी नको. संथ खाणाऱ्याच्या शेजारी झडप घालणारा ठेवला तर संथ बिचारा उपाशी मरतो. सगळ्यात गरीब स्वभावाचा मासा आधी आणायचा आणि दांडगा सगळ्यात शेवटी, म्हणजे घर आपलेच आहे असे दांडग्याला वाटत नाही. नवा यायच्या दिवशी दगडांची मांडणी बदलून टाकायची, म्हणजे जुन्यालाही सगळे नवखे वाटते. आणि एवढे करूनही दोघांना एकदम सोडायचे नाही. मध्ये भोकांची काच घालायची. पाणी इकडून तिकडे जाते, वास जातो, एकमेकांचे तोंड दिसते, पण दात पोचत नाहीत.

ही शेवटची गोष्ट ऐकली आणि आप्पांना कपाटामागची मी आठवले.

मित्रांनो, तो माझा भाग्याचा दिवस होता. आप्पांनी माझ्या अंगावरचा कागद सोलला, मला मापात कापले, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि ड्रिलने एकेक भोक पाडले. टाकीच्या समोरच्या आणि मागच्या काचेला त्यांनी खाचांच्या पट्ट्या चिकटवल्या. मी वरून सरळ त्या खाचांत उतरले. माझी वरची कड पाण्याबाहेर दोन बोटे राहिली. त्यामुळे आजही मला खोलीतले सगळे ऐकू येते.

पहिली आली एक वाम, सापासारखी लांब आणि ठिपक्याठिपक्यांची. तिला आप्पा दोरी म्हणत. मग आली लायनफिश, पंख्यासारखे पर पसरून तरंगणारी आणि पाठीवर विषारी काटे मिरवणारी. तिचे नाव पडले झालर. सगळ्यात शेवटी एक वीतभर हेकरू आला, जाड ओठांचा आणि लालभडक. त्याला जाड्या म्हणू लागले. झालर आल्यावर मी बारा दिवस तिच्या आणि दोरीच्या मध्ये उभी राहिले. जाड्याच्या वेळी सतरा दिवस. आप्पा रोज टाकीच्या एका टोकाला एकाला चारत, मग दुसऱ्या टोकाला जाऊन दुसऱ्याला. घाई त्यांना कधी नसे. मासे माझ्याकडे येत, भोकांतून एकमेकांचा वास घेत आणि कंटाळून परत जात. दुकानवाल्या बाईंच्या मते कंटाळा ही उत्तम खूण होती. ज्या दिवशी कोणालाच कोणाचे काही वाटले नाही, त्या दिवशी आप्पांनी मला हळूच वर उचलले.

खोलीतले पेशंट टाळ्या वाजवायचेच बाकी राहिले होते. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारून काउंटरवरच्या बाईंना सांगितले, "सगळी करामत हिची." माझ्या आयुष्यातले एवढेच कौतुक, पण ते मला पुरले.

मात्र माझ्या कामाची एक गंमत आहे. काम फसले तर मी टाकीत राहते, आणि फत्ते झाले तर मला बाहेर काढतात. मला पुसून टाकीच्या मागे, भिंतीलगतच्या बोळकांडीत उभे करून ठेवले. पाच वर्षे मी तिथे होते. मागच्या काचेतून मला तिघे मासे पाठमोरे दिसत, आणि त्यांच्याही पलीकडे लहान लहान माणसे गाल धरून बसलेली दिसत. सगळे एकमेकांत होते. मी भिंत आणि काच यांच्या मध्ये होते.

त्या पाच वर्षांत एका सुट्टीच्या दिवशी दवाखाना बंद होता. झाकणाला पाइप जाण्यासाठी एक फट होती. दोरी त्या फटीतून बाहेर आली आणि माझ्याच अंगावरून घसरत खाली गेली. मी तिला अडवू शकले नाही. अडवणे हे माझे एकमेव काम, आणि मी नेमकी टाकीबाहेर होते. दुसऱ्या दिवशी आप्पांना ती सोफ्यामागे सापडली, वाळून कडक झालेली. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही. पुढे झालर म्हातारी झाली, पर मिटून कोपऱ्यात बसू लागली आणि एका सकाळी उठली नाही. सात फुटांच्या टाकीत जाड्या एकटा राहिला.

जाड्या आता हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब झाला होता. दिवसभर तो दगडाच्या कपारीत तोंड घालून बसे. पेशंट टाकीजवळ येत, वाकून बघत आणि काउंटरवरच्या बाईंना विचारत की टाकी रिकामी का ठेवली आहे.

आप्पांचे दिवसही तसेच चालले होते. सकाळी शटर वर गेले की ते खाली येत आणि टाकीशेजारच्या स्टुलावर बसत. दुपारी एकला डॉक्टरबाई जेवायला वर जात आणि आप्पा स्टुलावरच डबा उघडून जेवत. संध्याकाळी शटर खाली येईपर्यंत ते हलत नसत. जेवताना ते कधी कधी जाड्याशी बोलत. आज भाजीत मीठ जास्त आहे, आज बाहेर ऊन फार आहे, असले काहीतरी. जाड्या कपारीतून बाहेर येत नसे.

मग एक दिवस डॉक्टरबाई त्यांच्या स्टुलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. महिनाअखेर दवाखान्याला रंग द्यायचा होता. टाकीने अख्खी भिंत अडवली आहे, आत एकच मासा आणि तोही दिसत नाही, तेव्हा टाकी आणि मासा दोन्ही दुकानात परत देऊ या, असे त्यांनी सांगितले. आवाज चढवला नाही. पण दात काढावा लागेल हे पेशंटला सांगतानाचा त्यांचा आवाज मला ओळखीचा होता, आणि हा तोच होता.

आप्पांनी टाकीकडे बघितले. मग म्हणाले, "मी त्याला जोडीदार आणतो. दोघं एकत्र राहिले तर ठेवशील टाकी?"

"रंगारी यायच्या आत जमलं तर ठेवीन. पुन्हा महिनोन्महिने भिजत घोंगडं नको, आप्पा."

मित्रांनो, हाताशी बावीस दिवस होते. टाकी गेली की टाकीशेजारचे स्टूलही जाणार, आणि स्टूल गेले की आप्पांनी दिवसभर कुठे बसायचे, हा प्रश्न मला पडला. आप्पांना तो माझ्याआधीच पडला असणार, कारण ते त्याच दुपारी गुडघे सांभाळत दुकानात गेले.

ते एक लायनफिश घेऊन आले. दुकानवाल्या बाईंनी त्यांना एक शांत स्वभावाची, पाठीला रुंद आणि जाड्याच्या तोडीची मादी हेकरू दाखवली होती, आणि एक धष्टपुष्ट बांबू शार्कही. दोन्हींपैकी कोणीही चालले असते. पण आप्पांचे मन झालरीसारख्या झालरीवर बसले. ही नवी झालर पर पसरले की ताटाएवढी दिसे. पर मिटले की आत केळ्याएवढे अंग. आप्पांनी तिला पर पसरलेले असतानाच मोजले. बाईंनी टोकले, तेव्हा ते म्हणाले की आहे थोडी लहान, पण वाढेल, तोवर मधली काच आहेच की. हे सगळे त्यांनी घरी आल्यावर जाड्याला सांगितले, म्हणून मला कळले. जाड्याला जुनी ओळख पटेल, असेही ते म्हणाले. जाड्याला काय पटणार होते? ओळख पटायला हवी होती ती आप्पांना.

पाच वर्षांनी मला बोळकांडीतून बाहेर काढले. कोळिष्टके धुतली, बंद झालेली भोके काडीने मोकळी केली आणि पुन्हा खाचांत उतरवले. खारे पाणी अंगावरून वर चढत गेले तेव्हा मला किती बरे वाटले म्हणून सांगू. एका बाजूला जाड्या होता आणि दुसऱ्या बाजूला नवी झालर. मी पुन्हा कोणाच्या तरी मध्ये होते.

आणि मग आप्पांनी एक चूक केली. ती दुसऱ्या कोणी केली नसती.

मासे एकमेकांना लवकर सरावावेत म्हणून त्यांनी दोघांना शेजारी शेजारी जेवू घालायचे ठरवले. शेजारी बसून जेवले की माया जडते, असे त्यांना वाटत होते. जो माणूस कित्येक वर्षे स्टुलावर एकटा जेवतो, त्याला असेच वाटणार. पहिल्या तिघांना त्यांनी टाकीच्या दोन टोकांना चारले होते. या वेळी एक दिवसाआड दुपारी एक वाजता ते दोन हातांत दोन लांब चिमटे धरत आणि कोळंबीचे तुकडे माझ्या दोन्ही बाजूंना, अगदी माझ्या अंगाला टेकवून सोडत. झालर पर पसरून माझ्याकडे तरंगत येई. तिच्या मागोमाग जाड्याच्या बाजूला कोळंबी पडे. जाड्या येऊन ती गिळे.

चौथ्या-पाचव्या जेवणापासून जाड्या कपारीतून बाहेर येऊ लागला. झालर दिसली की तो सरळ माझ्यापाशी येई आणि जाड ओठ माझ्या भोकांवर आपटे. पेशंट खूश झाले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या की बघा, कसा भेटायला येतो. आप्पांचा चेहरा इतका उजळला की डॉक्टरबाईंनीही आतून डोकावून पाहिले.

मित्रांनो, त्या खोलीत खरी गोष्ट मला एकटीला ठाऊक होती, कारण ते ओठ माझ्या अंगावर आपटत होते. पूर्वीच्या माशांना एकमेकांचा कंटाळा आला होता. याला कंटाळा येत नव्हता, भूक येत होती. आधी झालर दिसते आणि मग खाणे येते, एवढेच तो शिकला होता. आणखी काही दिवसांनी कोळंबी आली नाही तरी त्याचे चालणार होते. मी ओरडून सांगायला हवे होते. पण मी पडले पाटी, आणि माझ्यावर कोणी काही लिहिलेले नव्हते.

रंगारी यायच्या आदल्या दिवशी आप्पांनी मला काढायचे ठरवले. काच मध्ये ठेवून दोघे एकत्र राहतात असे मुलीला सांगणे त्यांना लबाडी वाटत होती. दगडांची मांडणी त्यांनी सकाळीच बदलली. दुपारी एकला घरी जेवायला न जाता थांबलेल्या काउंटरवरच्या बाई आणि तीन पेशंट टाकीसमोर जमले. एका पेशंटला आत खुर्चीत तोंडात कापूस घालून बसवून डॉक्टरबाईही मास्क हनुवटीवर ओढून बाहेर आल्या.

आप्पांनी मला वर उचलले. मी त्यांच्या डाव्या हातात निथळत होते.

पहिले काही क्षण दोघे आपापल्या जागी होते. मग झालर रोजच्या सवयीने मधोमध आली, कारण जेवणाची वेळ तीच होती आणि जेवणाची जागाही तीच होती. पर मिटून ती तिथे थांबली. जाड्या कपारीतून निघाला. त्याने तोंड उघडले आणि झालर शेपटीकडून अर्धी आत गेली.

जाळी कोपऱ्यात होती, पण तेवढा वेळ नव्हता. आप्पांनी उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि जाड्याच्या गालावर मारला. जाड्या दचकला, झालर सुटली आणि जीव वाचवताना तिने पाठ फिरवली. तिचे दोन काटे आप्पांच्या बोटांत घुसले. ते खाली वाकले. आणि तशाच वाकलेल्या अवस्थेत, डाव्या हाताने, त्यांनी मला आधी खाचांत सरळ बसवले. जाड्या अलीकडे होता आणि झालर फाटक्या शेपटीनिशी पलीकडे. मी तळाला टेकल्यावरच आप्पा जमिनीवर बसले.

डॉक्टरबाई धावल्या. त्यांनी फोनवर कोणाशी तरी बोलून घेतले, किटलीतले गरम पाणी तसराळ्यात ओतले, आपला हात घालून सोसेल इतके गरम आहे ना हे पाहिले आणि आप्पांचा हात मनगटापर्यंत त्यात धरला. या विषाला उष्णतेने उतार पडतो म्हणे. त्यानंतर मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचे होते. पेशंटांना काउंटरवरच्या बाईंनी बाहेर नेले. आतल्या कापसाच्या पेशंटला मात्र सगळे विसरले आणि तो बराच वेळ आ वासून बसून राहिला.

आप्पांचा चेहरा पांढरा पडला होता. जरा बोलता येऊ लागले तेव्हा ते म्हणाले, "घेऊन जा टाकी. जमलं नाही मला."

डॉक्टरबाईंनी पाणी बदलले. खाली मान घालून त्या म्हणाल्या, "मला टाकी नको होती कारण तुम्ही तिच्याजवळून उठत नाही, आप्पा. वर जेवायला येत नाही, डबा इथेच मागवता. ही गेली तर तुम्ही वर याल, एवढंच होतं माझ्या मनात."

तसराळ्यातल्या पाण्याची वाफ दोघांच्या मध्ये होती.

"मी वर आलो की तुम्ही बोलायचं थांबता गं," ते म्हणाले. "तिघं हसत असता. मी दारात आलो की सगळे ताटात बघता. मला वाटलं, मी खाली असलेलाच बरा."

"तुमच्या कानाला त्रास नको म्हणून थांबतो. तुम्हीच एकदा म्हणाला होता, केवढा गोंगाट करता म्हणून."

"असं म्हणालो होतो मी?"

"आलात त्या पहिल्या आठवड्यात."

म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ. मित्रांनो, निदान माझ्या अंगाला एकशे बारा भोके आहेत. त्या दोघांच्या मध्ये जे काही उभे होते, त्याला एकही नव्हते.

डॉक्टरबाई रडल्या. आप्पांनी तसराळ्यातला हात तसाच ठेवून डावा हात त्यांच्या पाठीवरून फिरवला. मग त्या त्यांना गाडीत घालून मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. आत बसलेला पेशंट तेव्हा कुठे काउंटरवरच्या बाईंना आठवला.

दुसऱ्या दिवशी रंगारी आले आणि त्यांनी टाकीभोवतीने रंग दिला. दुकानवाल्या बाई स्वतः येऊन टाकी बघून गेल्या. आप्पांना त्यांनी चांगले फैलावर घेतले. मग उपाय सांगितला. जाड्याच्या डोक्यात झालर म्हणजे जेवण हे पक्के बसले आहे, तेव्हा मधली काच आता कायमची राहू द्यायची. दोघांना टाकीच्या दोन टोकांना चारायचे, आणि तेही एकाच क्षणी. एकाला आधी दिले तर दुसरा वासाने मध्ये धावतो, काचेवर नाक फोडून घेतो आणि जुनी सवय पुन्हा जागी होते.

सात फुटांच्या टाकीच्या दोन टोकांना एक माणूस एकाच क्षणी उभा राहू शकत नाही. एक वाजता काउंटरवरच्या बाई घरी जेवायला जातात. तेव्हा दुसरा चिमटा डॉक्टरबाईंनी घेतला.

सुरुवातीला दोघांत फक्त दोन शब्द होत. आप्पा विचारत, "टाकू?" आणि त्या म्हणत, "टाका." पुढे शब्द वाढले. झालरीची शेपटी भरून येते आहे, जाड्या जरा सुटला आहे, नातीला गणितात काही कळत नाही, जावयाला स्वयंपाक जमत नाही तरी हौस फार. संध्याकाळी शटर खाली आले की आप्पा आता जेवायला वर जातात. वर गोंगाट असतो की नाही ते मला खालून ऐकू येत नाही. आप्पांच्या दोन बोटांना अजून बधिरपणा आहे, पण चिमटा धरता येतो.

मासे एक दिवसाआड खातात, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे. गेल्या महिन्यात, त्यांच्या जेवणाचा दिवस नसताना, बरोबर एक वाजता डॉक्टरबाई हातात आपले ताट घेऊन खाली आल्या.

आप्पा म्हणाले, "अगं, आज यांचा जेवणाचा दिवस नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून त्यांच्या स्टुलाशेजारी बसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी मासे आणाल तर आधी तोंड मोजा, पर मिटलेले अंग मोजा आणि पाहिजे तेवढे दिवस थांबा. आवडला म्हणून आणलेला जोडीदार दुसऱ्याला सोसेलच असे नाही. आणि कोणी रोज येऊन तुमच्या काचेवर डोके आपटत असेल, किंवा कोणी कित्येक वर्षे तुमच्याकडे यायचे टाळत असेल, तर त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधू नका. त्याला विचारा. तुम्हाला तोंड आहे. मला नव्हते.

माझे म्हणाल, तर मी आता टाकीतून कधीच बाहेर येणार नाही. कौतुकाचा तो दिवस पुन्हा यायचा नाही. आप्पा रविवारी माझ्या अंगावरचे शेवाळ पुसतात, एरवी माझ्याकडे कोणी येत नाही. जाड्याने ओठ आपटणे सोडले आहे. तो एका टोकाला असतो आणि झालर दुसऱ्या टोकाला. आप्पा आणि डॉक्टरबाई जाड्याच्या बाजूला जेवत बसलेले असतात. दुपारी एक वाजता माझ्या दोन्ही अंगांना नुसते पाणी असते, आणि मला कळते की आज सगळे नीट आहे.